भाऊ, शत्रू आणि चायनीज भेळ

टिटवाळा स्टेशनातून बाहेर पडून मंदिराच्या दिशेनं चालायला लागलं, की संध्याकाळी सातनंतर दोन वास एकमेकांत मिसळतात. एक पेढ्या-मोदकांचा, दुसरा व्हिनेगर, सोया सॉस आणि करपलेल्या लसणीचा. गाड्यांवर लाल अक्षरांत देवाचं नाव असतं, त्यापुढे 'चायनीज' आणि बाजूला शेपूट वर केलेला ड्रॅगन. कढईशी उभा असलेला मुलगा नेपाळचा असतो, नाहीतर उत्तराखंडचा. गिऱ्हाईक त्याला हाक मारतं, "ए चिनी, शेजवान जास्त टाक!" तो जास्त टाकतो. आपण नेपाळी आहोत हे सांगण्याचे कष्ट त्यानं कधीच सोडले असावेत.

गाडीवरच्या खाण्याबद्दल माझी तक्रार नाही. मंचुरियनचा मंचुरियाशी काडीचा संबंध नाही. ते १९७५च्या सुमारास मुंबईत नेल्सन वाँग यांनी केलं असं सांगतात, तेव्हा ते जवळजवळ वडापावाइतकंच आपलं आहे. 'शेजवान' म्हणजे सिछुआन, चीनचा एक प्रांत. तिथल्या जेवणाचा प्राण म्हणजे जीभ बधिर करणारी एक मिरी. आपल्या कोकणात बांगड्याच्या आमटीत घालतात ते तिरफळ तिच्याच कुळातलं आहे. आपल्या शेजवान चटणीत बाकी सगळं असतं, हे नेमकं नसतं. दोन प्रदेशांत खरोखर समान असलेली गोष्ट आपल्या परसात होती, पण ती आपल्याला ठाऊक नव्हती. चीनशी आपलं जे काही चाललं आहे, त्याचा सारांश मला या चटणीत दिसतो.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. मराठी समाजाकडे चीनसाठी दोनच भाव आहेत, भाऊ आणि शत्रू. या दोन्ही भावांची सोय अशी, की त्यांतल्या कशासाठीही चिनी भाषा शिकावी लागत नाही. भावाला मिठी मारली की झालं, शत्रूला शिवी दिली की झालं.

२०२० साल आठवा. फेब्रुवारीत गेटवे ऑफ इंडियापाशी चीनच्या वाणिज्यदूतांना आणि बौद्ध भिक्खूंना सोबत घेऊन केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी 'गो कोरोना'चा घोष केला. त्यात सहानुभूती होती. १५ जूनच्या रात्री गलवानमध्ये आपले २० जवान मारले गेले. त्याच आठवड्यात तेच मंत्री चिनी पदार्थ विकणारी रेस्टॉरंट बंद करा म्हणाले. म्हणजे बहिष्कार कुणावर? गाडीवरच्या नेपाळी मुलावर. चार महिन्यांत भाऊ ते शत्रू हा प्रवास पूर्ण झाला आणि मधे चीनबद्दल एक ओळही वाचावी लागली नाही. एकट्या मंत्र्यांना कशाला हसायचं? आमच्याकडेही बहिष्काराचे फ्लेक्स लागले. ते छापणारं यंत्र कुठल्या देशातून आलं होतं हे विचारायचं धाडस मला झालं नाही. त्या वर्षी गणपतीत लागलेली तोरणं कुठली होती, हेही कुणी विचारलं नाही.

बहिष्काराचं पुढे काय झालं ते आकड्यांत दिसतं. २०२३-२४ मध्ये भारतानं चीनकडून १०० अब्ज डॉलरहून अधिक किमतीचा माल आणला आणि चीनला विकला तो १७ अब्ज डॉलरच्या आतला. जवानांच्या मरणाचं दुःख खरं होतं. म्हणूनच त्याचा असा निकाल लागणं मला अपमानकारक वाटतं. ज्या देशानं आपली माणसं मारली, त्याचं वर्तमानपत्र आपल्याला वाचता येत नाही, त्याचे अधिकारी काय बोलतात ते कळत नाही, त्याच्या लोकांत काय कुजबुज चालते याचा पत्ता नाही. आणि आपण राग व्यक्त केला तो मंचुरियनवर.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. नव्या शैक्षणिक धोरणाच्या २०१९च्या मसुद्यात शाळेत शिकवता येतील अशा परकीय भाषांची उदाहरणं दिली होती, त्यांत चिनी होती. जुलै २०२०च्या अंतिम धोरणात कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन अशा भाषा आहेत. चिनी गायब. थाई शिकायला माझी ना नाही. पण ज्या शेजाऱ्याशी हजारो किलोमीटरची वादग्रस्त सीमा आहे, नेमकी त्याचीच भाषा यादीतून गळावी, हा बाणेदारपणा नव्हे. दारावर चोर आला म्हणून आपलेच डोळे मिटून घेण्यासारखं हे आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं दिल्लीचं आहे, मराठीनं काय करायचं? तर मराठीनं करून दाखवलेलं आहे, म्हणून तर ही चिडचिड.

१ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईच्या बंदरातून पाच डॉक्टर चीनला निघाले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीसांचं पुढे काय झालं हे आपल्याला पाठ आहे. सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. शांतारामबापूंनी १९४६ साली त्यांच्यावर हिंदी चित्रपट काढला. जे पाठ नाही ते असं, की कोटणीस चिनी शिकले. नुसती बोलण्यापुरती नाही. ते चिनीतून विद्यार्थ्यांना शिकवत, चिनीतून शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक लिहायला घेतलं होतं. लग्न केलं क्वो छिंगलान यांच्याशी आणि मुलाचं नाव ठेवलं यिन्ह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. आपण मात्र कोटणीसांतला त्याग तेवढा उचलला. त्यागाला हार घालता येतो. भाषा शिकायला रोज दोन तास बसावं लागतं.

दुसरं नाव पुण्याचं. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट. पालीचे पंडित. 'विमुत्तिमग्ग' हा ग्रंथ मूळ पालीत हरवला होता, पण त्याचा जुना चिनी अनुवाद शिल्लक होता. बापटांनी तो चिनी अनुवाद 'विसुद्धिमग्गा'शेजारी ठेवून तुलना केली आणि १९३७ साली पुण्यातून पुस्तक काढलं. पुढे १९७० साली भांडारकर संस्थेनं त्यांचं आणि जपानी अभ्यासक हिराकावा यांचं आणखी एक काम प्रसिद्ध केलं, तेही एका चिनी विनयग्रंथावरचं.

हे पंडितांचं काम झालं, आपल्याला काय त्याचं, असं म्हणू नका. २०११च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे ८४ लाख बौद्ध आहेत आणि त्यांतले ६५ लाख महाराष्ट्रात. कल्याणपासून कसाऱ्यापर्यंत कुठल्याही स्टेशनाबाहेर पाहा, निळे झेंडे आणि बुद्धविहार दिसतील. १९५६ साली बाबासाहेबांनी दिलेला धम्म ज्यांच्या घरात आहे, त्या माणसांच्या पूर्वसूरींचे कितीतरी ग्रंथ आज मूळ भाषेत उरलेले नाहीत, ते चिनीत आहेत. चिनी यात्रेकरू आले, इथे संस्कृत शिकले, पोथ्या घेऊन गेले आणि पिढ्यानपिढ्या भाषांतरं करत बसले. युआन श्वांग सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेला. मराठी माणूस स्वाभिमानी, उपकार न विसरणारा, अपमानाचा सूड घेणारा, हे त्याचं वर्णन आपण शाळेपासून मिरवतो. त्यानं आपल्याबद्दल काय लिहिलं तेवढं आपण लक्षात ठेवलं, आपल्याकडून काय नेलं ते परत वाचायची इच्छा झाली नाही. जगात चिनी बौद्ध ग्रंथांवर हक्क सांगावा असा मराठीइतका मोठा नवा वाचकवर्ग क्वचितच असेल. त्या वाचकाला बुद्धाकडे जायला आजही इंग्रजीचा पूल लागतो.

इंग्रजीचा हा पूल किती डुगडुगतो याचं छोटं उदाहरण देतो. चिनीत ब, ड, ग हे घोष वर्ण नाहीत. तिथे भेद आहे प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांचा, म्हणजे अल्पप्राण आणि महाप्राणाचा. रोमन लिपीला हा भेद दाखवायची सोय नाही, म्हणून चिन्यांनी रोमनमध्ये लिहिताना प साठी 'बी' आणि फ साठी 'पी' अक्षर वापरलं. देवनागरीत ही सोय जन्मजात आहे. तरी आपण इंग्रजी स्पेलिंग समोर ठेवून 'बीजिंग', 'डेंग' लिहितो. खरं तर ते पेइचिंग आणि तंग यांच्या जवळ आहे. पुढे ऐका. 'माओ त्से तुंग'मधला 'त्से' म्हणजे जवळजवळ आपल्या 'चांगला', 'चमचा'मधला दंत्य च. हिंदीत तो नाही, इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला तो सहसा येत नाही, मराठीच्या तोंडात तो रोज आहे. म्हणजे जुन्या मराठी वर्तमानपत्रांतला 'त्से तुंग' आजच्या 'झेडाँग'पेक्षा बरोबर होता. चिनीचे चार टोन देवनागरीत दिसत नाहीत हे कबूल. पण मराठी मुलाला चिनी शिकताना जो फायदा आहे, तो आपण इंग्रजीच्या मोहात फुंकून टाकतो. चहा हा शब्द मुळात चिनीच आहे आणि तो आपण रोज बिनचूक पितो, एवढंच समाधान.

या विषयावर लिहायला मला भाग पाडलं ते आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलीनं. तिथल्या एका सरकारी विद्यापीठात ती डॉक्टरकी शिकत होती. इथल्या खासगी कॉलेजची फी परवडत नाही, म्हणून चीन. अशी २३ हजारांवर भारतीय मुलं तेव्हा तिथे होती. जानेवारी २०२० मध्ये ती सुट्टीला आली आणि अडकली. व्हिसा पुन्हा सुरू झाले ऑगस्ट २०२२ मध्ये. अडीच वर्षं ती बेडरूममध्ये मोबाइलवर शरीरशास्त्र शिकली. मार्चमध्ये सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "चीनवरून आलीय, तिला खाली येऊ देऊ नका." तिला येऊन दोन महिने झाले होते. जूननंतर तिच्या आईला जिन्यात टोमणे सुरू झाले, "काय हो, दुसरा देश नाही मिळाला?" बाकी तिला एकच प्रश्न विचारला जायचा, "तिकडचे लोक काय काय खातात गं?"

एकदा मी विचारलं, वॉर्डात म्हाताऱ्यांशी कसं बोलायचीस? ती खुलली. म्हणाली, "काका, तिथेही अनोळखी म्हाताऱ्याला आजोबाच म्हणतात. मी म्हणायचे, आजोबा, कुठे दुखतंय? ते त्यांच्या बोलीत काहीतरी सांगायचे, ते आमच्या पुस्तकातलं चिनी नसायचंच. मग शेजारच्या खाटेवरची आजी मला हळूहळू समजावून सांगायची." मालवणी म्हातारीला पुण्याच्या डॉक्टरनं विचारावं, तसंच की हे. चीन म्हणजे एकसारख्या चेहऱ्यांचा, एका सुरात बोलणारा देश, ही आपली कल्पना त्या खाटेवरच्या आजीनं एका वाक्यात मोडली. आणि ते ऐकणारा बिल्डिंगमध्ये मी पहिलाच होतो.

एक आक्षेप रास्त आहे. चीनची राजवट लोकशाही नाही. तिबेटमध्ये, शिनच्यांगमध्ये काय चाललं आहे ते जगाला ठाऊक आहे. भाषा आणि संस्कृतीच्या नावाखाली सरकारं आपला प्रचार करतात, कोटणीसांच्या पुतळ्याला हार घालतानाही करतात. मान्य. पण प्रचार कुणाला चढतो? ज्याला मूळ वाचता येत नाही त्याला. चिनी येणारा माणूस सरकारी पत्रकही वाचेल आणि ते खोडणारी चिनी माणसंही वाचेल. आणि नागरिकांना त्यांच्या चेहऱ्यावरून शत्रू ठरवण्याचं पाप आपल्याही नावावर आहे. १९६२च्या युद्धानंतर भारतातल्या सुमारे ३ हजार चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं. त्यांतले कितीतरी इथेच जन्मले होते. गाडीवरच्या मुलाला मारलेली 'ए चिनी' ही हाक त्याच घराण्यातली आहे.

मग काय करायचं? मागण्या लहान आहेत. महाराष्ट्रातल्या एका तरी विद्यापीठात चिनी भाषा मराठीच्या जोडीनं शिकवणारं अध्यासन हवं आणि त्याचा निम्मा भाग बौद्ध ग्रंथांना वाहिलेला हवा. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं चिनीतून थेट मराठीत भाषांतरासाठी पैसे ठेवावेत. माझ्या कपाटात चिनी लेखकांची जी मराठी पुस्तकं आहेत, ती सगळी इंग्रजीवरून आलेली आहेत. वर्तमानपत्रांनी चिनी नावं देवनागरीत कशी लिहायची याचं एक पानी कोष्टक करावं, याला तर दमडीही लागत नाही. आणि चीनहून शिकून आलेली जी शेकडो मराठी मुलं आपल्या गल्लीत आहेत, त्यांना दुभाषे, शिक्षक, भाषांतरकार म्हणून कुणीतरी विचारावं.

ती मुलगी परत गेली, डॉक्टर होऊन आली, आता इथली परीक्षा देते आहे. परवा आम्ही स्टेशनाबाहेर भेटलो. चायनीज भेळ खाताना तिनं गाडीवरचं एक चिनी अक्षर दाखवलं. मालकानं सजावट म्हणून कुठूनतरी उतरवलेलं. "काका, हे उलटं काढलंय," ती हसत म्हणाली. मी विचारलं, मालकाला सांगितलंस का? "सांगितलं ना. म्हणाला, कुणाला वाचता येतंय?"

त्याचं बरोबर आहे. अडचण तीच आहे.