माळ्यावरचा कॅमेरा: दुरुस्त करा, नाहीतर देऊन टाका



दिवाळीची आवराआवर सुरू झाली की माळ्यावरून रोलचा जुना कॅमेरा हमखास निघतो. कुणाकडे यशिका, कुणाकडे ॲग्फा क्लिक थ्री. मग घरात दोन मतं पडतात: भंगारात द्या, नाहीतर शोकेसमध्ये ठेवा. मला दोन्ही पटत नाहीत. वापरणारं कुणी असेल तर तो दुरुस्त करावा. शोकेसमध्ये नुसता मांडून ठेवणं म्हणजे परिग्रहच.

"आता दुरुस्त कोण करतं?" करणारे आहेत, पण पाटी लावून बसलेले कमी. गावातल्या जुन्या फोटो स्टुडिओत जा आणि ज्यांनी रोलवर लग्नं काढली त्या काकांना विचारा, "तुमचा कॅमेरा बिघडला की कुठे पाठवायचात?" मुंबईत फोर्टातल्या बोराबाजार भागात कॅमेऱ्यांची दुकानं आहेत. एकाने नाही म्हटलं तर दुसऱ्याचा पत्ता विचारा. आमच्या सासऱ्यांची यशिका एका दुकानदाराने उघडूनही न बघता "संपली" म्हणून परत दिली. दुसऱ्या कारागिराने उघडली, तर शटरच्या पात्यांवर जुनं वंगण चिकटून बसलेलं. साफ केल्यावर चालू झाली.

जाण्याआधी एवढं बघा. कॅमेरा पूर्ण यांत्रिक असेल तर आशा जास्त. पेंटॅक्स के-१००० चं शटर सेलशिवाय चालतं, सेल लागतो तो फक्त प्रकाश मोजायला. यशिका इलेक्ट्रो ३५ चं शटर मात्र विजेवर अवलंबून, तिथे काम अवघड. मागचं झाकण उघडून पट्ट्यांचा फोम चिकट झालाय का बघा, तो बदलता येतो. घरी तेल अजिबात सोडू नका, ते पात्यांवर पसरतं. खर्च आधी विचारा आणि काढलेले भाग परत मागा. पैशांत घासाघीस मात्र करू नका. काम मिळालं नाही तर ही कला त्या कारागिराबरोबरच संपेल.

लेन्सवरच्या बुरशीचं आपल्याला वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात पापड-लोणच्यांची जी जयणा आपण पाळतो, तीच इथे: बुरशी येऊच द्यायची नाही. कॅमेरा चामडी कव्हरातून काढून, सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात ठेवा. एकदा बुरशीने काच खाल्ली की साफ करूनही डाग राहतो, आणि जीवहिंसा होते ती वेगळीच.

आणखी एक गोष्ट घरात मोकळेपणाने बोलावी. रोलवरचा थर जिलेटिनचा असतो, आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. काही घरांत एवढ्यावरच विषय संपेल आणि ते मला मान्य आहे. आमच्याकडे सासरे वर्षाला एकच रोल वापरतात, बारा फोटोंचा. त्यात दोष नाही असं मी म्हणणार नाही. पण फोटो काढण्याआधी ते जितका विचार करतात, तितका आम्ही मोबाइल हातात असताना करत नाही.

वापरणारं कुणीच नसेल तर कॅमेरा कारागिरालाच देऊन टाका. जुन्या कॅमेऱ्यांचे सुटे भाग आता बनत नाहीत. तुमच्या बंद कॅमेऱ्यातला एखादा स्क्रू किंवा स्प्रिंग दुसऱ्या कुणाच्या आजोबांचा कॅमेरा चालू करेल.

तुमच्या गावात असा कारागीर अजून बसत असेल, तर या दिवाळीआधी त्याच्या दुकानाची पायरी एकदा चढा.