सासू कोण होणार?

आठ मार्च जवळ आला की आमच्या मांजरीच्या गटात दर वर्षी एक भांडण ठरलेलं. पथनाट्यात सासू कोण होणार? सुनेचं काम करायला चार जणी पुढे येतात. दारुड्या नवऱ्याचं काम तर इतक्या हौसेने करतात, की नवऱ्यांनी बघायला येऊ नये असं वाटतं. सासू मात्र कुणालाच व्हायचं नसतं. मग आम्ही कार्यकर्त्या काय करतो? गटातल्या सगळ्यात वयस्कर मावशींकडे बघतो. त्यांच्या डोक्यावरून पदर घेतो, हातात काठी देतो आणि मोकळ्या होतो. गेली सहा वर्षं हे काम एकच मावशी करत होत्या. पहाटे मांजरीच्या उपबाजारातून भाजी उचलायची आणि हडपसरला नेऊन विकायची हा त्यांचा धंदा. आवाज खणखणीत, माईक लागत नाही.

या वर्षी त्यांनी साफ नकार दिला. म्हणाल्या, "ताई, सहा वर्षं मी सासू झाले. घरी पण सासूच आहे. मला ह्या वेळी साहेब व्हायचंय."

आम्ही सगळ्या हसलो. मीही हसले. घरी जाताना मात्र ते हसणं मला टोचायला लागलं. समाजकार्याचं शिक्षण घेतलेली, लिंगभावावर शिबिरं घेणारी मी. बाईकडे बघून तिचं वय मोजायचं आणि त्यावरून तिचं काम ठरवायचं, हे मी सहा वर्षं करत आले होते.

त्याच सुमारास गटात आम्ही 'अर्थ' हा सिनेमा दाखवला होता. महेश भट यांचा, १९८२ सालचा. त्यात घरकाम करणाऱ्या बाईचं काम रोहिणी हट्टंगडी यांनी केलं आहे. मुलीच्या शाळेसाठी पै पै करून जमवलेले पैसे नवरा उडवतो आणि शेवटी तिच्या हातून त्याचा खून होतो. आमच्या गटात सोसायट्यांमधून धुणंभांडी करणाऱ्या बायका बऱ्याच आहेत. नायिकेच्या दुःखाशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं, पण ही बाई पडद्यावर आली की सगळ्या सरसावून बसत. नंतरची चर्चा दीड तास चालली. खून बरोबर की चूक यावर दोन तट पडले. एकजण म्हणाली, "पैसे डब्यात ठेवले तिथंच चुकलं. गटात भरले असते तर त्याच्या हाताला लागले नसते." तिच्या या बोलण्यावर दोन्ही तटांचं एकमत झालं.

मावशींचा नकार आणि ही चर्चा माझ्या डोक्यात एकत्र फिरत राहिली. म्हणून या अंकात रोहिणी हट्टंगडी यांच्या कारकिर्दीबद्दल लिहायचं ठरवलं. हे त्यांचं कौतुक करण्यासाठी लिहीत नाही. ते करणारे पुष्कळ आहेत, आणि करायलाच हवं. मला विचारायचं आहे ते असं: इतक्या ताकदीच्या बाईला आपल्या नाटक-सिनेमाने काय काय करू दिलं?

रोहिणी हट्टंगडी मूळच्या पुण्याच्या, माहेरच्या ओक. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात इब्राहिम अल्काझी यांच्या हाताखाली त्या शिकल्या आणि १९७४ साली बाहेर पडल्या. यक्षगान आणि जपानी काबुकी या परंपरेने पुरुषांच्याच मानल्या गेलेल्या शैलींमध्येही त्यांनी काम केलं. सहाध्यायी जयदेव हट्टंगडी यांच्याशी लग्न झालं, मुंबईत 'आविष्कार'सारख्या संस्थेबरोबर प्रायोगिक रंगभूमीवर काम सुरू झालं. लोर्काच्या 'येर्मा'वरून झालेल्या 'चांगुणा'त मूल होत नाही म्हणून तळमळणारी बाई त्यांनी उभी केली. पुढे 'अपराजिता' हा एकपात्री प्रयोग केला. एकटी बाई, दोन तास, सगळा रंगमंच तिचा. रंगभूमीने त्यांना बाई म्हणून पूर्ण माप दिलं, असं म्हणायला हरकत नाही.

मग आला रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचा 'गांधी', १९८२ साली. त्यात त्या कस्तुरबा झाल्या. स्वतः तिशीच्या आसपासच्या, आणि तरुण पत्नीपासून सत्तरी ओलांडलेल्या बांपर्यंतचं सगळं आयुष्य त्यांनी त्या एका सिनेमात उभं केलं. दक्षिण आफ्रिकेतल्या आश्रमात संडास साफ करण्यावरून पतिपत्नींचा खटका उडतो, तो प्रसंग कार्यकर्त्यांनी मुद्दाम पाहावा. महात्मा नवराच असतो, आणि बायको त्याला ते जाणवून देते. या कामासाठी ब्रिटनचा 'बाफ्टा' पुरस्कार त्यांना मिळाला, मॉरीन स्टेपलटन या अमेरिकन अभिनेत्रीबरोबर विभागून. खऱ्या कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी आगाखान पॅलेसमध्ये नजरकैदेत असताना गेल्या. मांजरीहून नदी ओलांडून खराडीला गेलं, की तिथून ती जागा फार लांब नाही. आमच्या गटातल्या बहुतेक जणींनी ती अजून पाहिलेली नाही. तेही माझ्या यादीत आहे.

खरी गोष्ट सुरू होते ती 'गांधी'नंतर. १९८४ साली महेश भट यांचा 'सारांश' आला. मुलगा परदेशात मारला गेल्यावर उरलेलं म्हातारं मराठी जोडपं. नवरा झाले अनुपम खेर, बायको रोहिणी हट्टंगडी. खेर तेव्हा २८-२९ वर्षांचे होते. या वयात त्यांनी साठीपुढचा म्हातारा कसा उभा केला, ही गोष्ट आपण आजपर्यंत ऐकत आलो आहोत. ऐकावीच, काम तसंच आहे. पण त्यांच्या शेजारी बसलेली म्हातारीसुद्धा तरुणच होती ना? तिचं म्हातारपण कुणाला चमत्कार का वाटलं नाही? पुरुष म्हातारा झाला तर तो अभिनय, आणि बाई म्हातारी झाली तर ती नैसर्गिक, असं तर आपल्या मनात नाही ना?

पुढे काय झालं तेही बघू. खेर यांना दोनच वर्षांनी 'कर्मा'त खलनायक मिळाला, पुढे विनोदी कामं मिळाली, प्रेमळ बाप मिळाले, विक्षिप्त बाप मिळाले. रोहिणीताईंना मात्र मुख्यतः आई मिळाली. अगदीच दुसरं काही मिळालं नाही असं नाही. १९८४ च्याच 'पार्टी'मध्ये, महेश एलकुंचवारांच्या नाटकावरून गोविंद निहलानी यांनी केलेल्या सिनेमात, नाटककाराच्या सावलीत विझत गेलेली, दारूचा आधार घेणारी एके काळची नटी त्यांनी केली आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. 'चालबाज'मधली दुष्ट बाईही त्यांनी मजेत रंगवली. पण हे अपवाद. १९९० च्या 'अग्निपथ'मध्ये त्या अमिताभ बच्चन यांच्या आई झाल्या. बच्चन १९४२ सालचे, म्हणजे या 'आई'पेक्षा कितीतरी वर्षांनी मोठे.

याहून बोलकं उदाहरण २००३ च्या 'मुन्नाभाई एमबीबीएस'चं आहे. संजय दत्तचे वडील झाले सुनील दत्त, त्यांचे खरेच वडील. बापलेकांच्या वयात तीस वर्षांचं अंतर, जसं असायला हवं तसं. आई रोहिणी हट्टंगडी. मायलेकांच्या वयात दहा वर्षांचंही अंतर नाही. बाप खरा म्हातारा चालतो, आई मात्र तरुण बाईला पांढरे केस लावून करायची. कुणाला त्यात काही खटकलं नाही. मलाही तेव्हा खटकलं नव्हतं. थेटरात मी भरपूर हसले आणि रडले होते.

यावर आपल्याच मैत्रिणी दोन आक्षेप घेतील. पहिला असा, की आईची भूमिका कमी दर्जाची आहे का? मुळीच नाही. 'अग्निपथ'मधली आई मुलाच्या गुन्हेगारीच्या पैशाला हात लावत नाही, हे बळ मोठंच आहे. पण ती कुणाची तरी आई असते तेवढीच पडद्यावर असते. मुलगा निघून गेला की कॅमेराही निघून जातो. तिला भूक लागते का, हेवा वाटतो का, तिला काही शिकायचं आहे का, हे विचारायला कुणी थांबत नाही. दुसरा आक्षेप असा, की पुरस्कार, मानसन्मान, पन्नास वर्षांचं काम हे सगळं मिळालेल्या बाईवर अन्याय झाला असं कसं म्हणायचं? मी तसं म्हणतही नाही. त्यांनी आपल्या वाट्याला आलेल्या कामाचं सोनं केलं. माझं बोट आहे ते वाटपाकडे.

हे वाटप निसर्गनियमाने होतं असं समजायचं कारण नाही. याच पुण्यात, प्रभात कंपनीत, १९३६ साली शांतारामबापूंनी 'अमर ज्योती' काढला. त्यात दुर्गाबाई खोटे सौदामिनी झाल्या. आईला मुलावर हक्क नाही असं सांगणाऱ्या राज्याविरुद्ध बंड करून समुद्रावर जहाजं लुटणारी बाई! दुर्गाबाई तेव्हा एकतीस वर्षांच्या होत्या, दोन मुलांच्या आई होत्या, आणि नवरा गेल्यावर स्वतःच्या कमाईवर उभ्या होत्या. पुढे त्यांच्याही वाट्याला आया आल्या, पण तिशीतली बाई बंडखोर म्हणून उभी करता येते हे आपल्याकडे तेव्हाच सिद्ध झालं होतं. तिकडे इंग्लंडमध्ये जूडी डेंच रंगभूमीवर शेक्सपिअर करत वाढल्या आणि साठाव्या वर्षी, १९९५ साली, जेम्स बाँडच्या सिनेमात त्याच्या वरिष्ठ अधिकारी झाल्या. म्हणजे मावशींच्या भाषेत साहेब! तिथेही सगळं आलबेल आहे असं नाही. पण साठीच्या बाईला हुकूम देताना दाखवलं म्हणून प्रेक्षक उठून गेले नाहीत, एवढं तर दिसलं.

आपल्याकडे साठीकडे झुकलेल्या बाईला सत्ता दिली ती मालिकांनी, आणि तीही घरातलीच. 'चार दिवस सासूचे' २००१ साली सुरू झाली आणि तीन हजारांवर भाग झाल्यावर २०१३ साली थांबली. रोहिणी हट्टंगडी त्यातल्या आशालता देशमुख. मी गृहभेटींना जायचे तेव्हा मांजरीत ती मालिका संपेपर्यंत बाई बोलायची नाही. बाईच्या हाती अधिकार आला तर तो सुनांवर, घराण्यावर, किल्ल्यांवर. गल्लीच्या नळाचं, रेशनच्या दुकानाचं, २०२१ मध्ये मांजरी बुद्रुक महापालिकेत गेल्यावर वाढलेल्या कराचं त्या अधिकाराशी काही नातं नव्हतं.

म्हणून २०२३ च्या 'बाईपण भारी देवा'चं मला महत्त्व वाटतं. वैशाली नाईक यांची लेखणी, केदार शिंदे यांचं दिग्दर्शन, आणि वयाने वाढलेल्या सहा बहिणी. रोहिणीताई त्यातल्या एक. सिनेमातल्या मंगळागौरीबद्दल, सणाच्या उदात्तीकरणाबद्दल माझे आक्षेप आहेत आणि त्यावर कधीतरी वेगळं भांडू. पण आमच्या गटातल्या अकरा जणी पैसे काढून, रिक्षा करून तो बघायला गेल्या. नवऱ्याला न विचारता गेलेल्या त्यात तिघी. पडद्यावर गुडघे दुखणाऱ्या, रुसणाऱ्या, एकमेकींचा हेवा करणाऱ्या बायका होत्या आणि त्या कुणाच्या आई आहेत हा त्यांचा मुख्य परिचय नव्हता. थेटरं भरली. बायकांचं कोण बघणार, असं म्हणणाऱ्यांना आता दुसरं कारण शोधावं लागेल.

आता पुन्हा आपल्या अंगणात येऊ. आमच्या वस्तीत बाई छत्तिसाव्या-सदतिसाव्या वर्षी सासू होते. मुलीचं लग्न लवकर उरकलेलं असतं, मुलाचंही. मग ती म्हणते, "आता आमचं काय वय राहिलं ताई?" साक्षरतेचा वर्ग नको, शिवणाचा कोर्स नको, गटाचं अध्यक्षपद सुनेला द्या. माझ्याच वयाची बाई मला हे सांगते. तिला कुणी पांढरे केस लावलेले नाहीत, पण भूमिका वाटून झालेली आहे. आणि आम्ही कार्यकर्त्या वर तिला पथनाट्यात काठी देतो! सिनेमावाल्यांना नावं ठेवताना हे विसरून चालणार नाही.

या वर्षी मावशी साहेब झाल्या. वॉर्ड ऑफिसातला साहेब, टेबल म्हणून भाजीचा क्रेट. बाया पाण्याची तक्रार घेऊन येतात आणि साहेब मान वर न करता 'उद्या या' म्हणतो. इतकी वर्षं खिडकीच्या बाहेर उभं राहून त्यांनी जे बघितलं होतं, ते सगळं त्यांनी त्या पाच मिनिटांत दिलं. चष्मा पुसणं, फोनवर लांबलचक बोलणं, अर्ज उलटा धरून वाचणं. रेल्वे स्टेशनच्या रस्त्यावर माणसं हसून लोळली, आणि मग एक तरुण बाई खरंच पुढे येऊन विचारती झाली, की तो अर्ज कुठे मिळतो.

सासूची भूमिका शेवटी कुणी केली? आम्ही ती काढूनच टाकली. नाटक लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की सासूशिवायही आमच्या बायांचे प्रश्न मांडता येतात, आणि थोडे अधिक नेमके मांडता येतात.

मैत्रिणींनो, पुढच्या वर्षी तुमच्या गटात भूमिका वाटाल तेव्हा आधी सगळ्यात वयस्कर बाईला विचारा, तिला काय व्हायचं आहे. उत्तर आम्हालाही कळवा.