खाशाबांची शताब्दी आणि विकली गेलेली बातमी

१५ जानेवारी २०२६ रोजी खाशाबा जाधवांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली. त्यांचा जन्मदिवस आता महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे. नेमक्या त्याच दिवशी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या सरकारी वकिलांनी २६ जणांवर आरोप ठेवल्याचे जाहीर केले. महाविद्यालयीन बास्केटबॉलचे सतराहून अधिक संघ, ३९हून अधिक खेळाडू आणि २९हून अधिक सामने या प्रकरणात आहेत. एका सामन्यासाठी खेळाडूला १० ते ३० हजार डॉलर देऊ केले जात होते, असे आरोपपत्र सांगते. मुलांकडून सराव करून घेणारे, त्यांना घडवणारे लोकही आरोपींत आहेत. दोष सिद्ध व्हायचा आहे, तो न्यायालय ठरवेल. पण पद्धत समजून घेण्यासारखी आहे. जो संघ हरणारच असे सगळ्यांनी धरलेले असते, बहुतेक वेळा तोच गाठायचा आणि त्याने थोड्या जास्त फरकाने हरायचे. हरणारा आणखी चार गुणांनी हरला, तर शंका कुणाला येणार?

या प्रकरणात केवळ मुलांकडे बोट दाखवून भागणार नाही. त्याआधीचे, २०२३चे अलाबामा विद्यापीठाचे प्रकरण आम्हाला अधिक अस्वस्थ करते. तिथल्या बेसबॉल संघाचे प्रशिक्षक ब्रॅड बोहॅनन यांना सामन्याआधीच ठाऊक होते की, आपला सुरुवातीचा पिचर दुखापतीमुळे खेळणार नाही. प्रतिस्पर्धी संघालाही अजून ते कळले नव्हते. बोहॅनन यांनी ही बातमी सट्टा लावणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला कळवली. तो सिनसिनाटीच्या सट्टा-खिडकीवर एक लाख डॉलर लावायला निघाला, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांनाच संशय आला. आठवड्याच्या आत बोहॅनन यांची नोकरी गेली आणि पुढे महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेने त्यांच्यावर १५ वर्षांचे निर्बंध घातले. त्या मुलाने काहीच केले नव्हते. त्याला दुखत होते आणि ते त्याने आपल्या सरांना सांगितले, एवढेच. खेळाडू आपले दुखणे विश्वासाने ज्या माणसाला सांगतो, त्याच माणसाने ते बाजारात नेले.

आता कोल्हापुराकडे पाहू. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला खाशाबांकडे पैसे नव्हते. ते ज्या राजाराम महाविद्यालयात शिकले, तिथले प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावोगावच्या लोकांनीही वर्गणी जमवली. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शताब्दीच्या भाषणांत पदकाचा उल्लेख सगळ्यांनी केला असेल. आम्हाला त्या गहाणखताची आठवण जास्त महत्त्वाची वाटते, कारण महाविद्यालयाच्या माणसाने खेळाडूसाठी काय करायचे असते, ते त्या कागदावर आहे.

आपल्याकडे असे काही होत नाही, असे समजणाऱ्यांनी बेळगावचे प्रकरण आठवावे. २०१९ मध्ये कर्नाटक प्रीमियर लीगच्या तपासात बेळगावी पँथर्सच्या मालकाला अटक झाली आणि काही महिन्यांत संघाच्या प्रशिक्षकालाही, जे स्वतः माजी रणजी खेळाडू होते. दुसऱ्या एका संघाचे गोलंदाजी प्रशिक्षकही पकडले गेले. बेल्लारी टस्कर्सचे सी. एम. गौतम आणि अबरार काझी यांनी अंतिम सामन्यात संथ फलंदाजीसाठी २० लाख रुपये घेतल्याचा आरोप होता. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने काझी, गौतम आणि इतरांवरील गुन्हे रद्द केले. सामना निश्चित करणे हे अप्रामाणिकपणाचे आणि बेशिस्तीचे लक्षण असेल, क्रिकेट मंडळ त्याबद्दल कारवाई करू शकेल, पण दंडसंहितेतल्या फसवणुकीच्या कलमात ते बसत नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याआधी २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने आयपीएल प्रकरणात श्रीशांत, चंडिला आणि मुंबईचा अंकित चव्हाण यांना आरोपमुक्त केले होते.

न्यायालयांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या कृत्याला कायद्यात नावच नाही, त्याची शिक्षा ते कशी देणार? खेळातल्या फसवणुकीविरुद्धच्या विधेयकाचा मसुदा २०१३ मध्येच तयार झाला होता. त्याचा कायदा झाला नाही. श्रीलंकेने २०१९ मध्ये असा कायदा करून दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली. आपण एवढा मोठा क्रिकेटवेडा देश, आणि आपल्याकडे ते झाले नाही, याची आम्हाला मनापासून चीड येते. कायदा नसल्याने दोन्ही बाजूंनी अन्याय होतो. दोषी सुटतो आणि निर्दोषाच्या कपाळावरचा डाग पुसला जात नाही.

आता बीड जिल्ह्याकडे येऊ. मांजरसुंब्याच्या चौकात धुळे-सोलापूर महामार्गाला केज-अंबाजोगाईचा आणि पाटोद्याचा रस्ता येऊन मिळतो. जिल्हास्तरीय शालेय स्पर्धांच्या दिवसांत नेकनूर, केज, पाटोद्याकडची मुले इथूनच घाट उतरून बीडला जातात. खांद्याला किटबॅग, हातात चिक्कीचा पुडा, सोबत पी.टी.चे सर. जाण्यायेण्याचा आणि चहा-नाश्त्याचा खर्च अनेकदा सरांच्याच खिशातून होतो. याच भागातून पाटोदा तालुक्यातला राहुल आवारे राष्ट्रकुल स्पर्धेच्या सुवर्णपदकापर्यंत गेला. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचे सुवर्ण मिळवले. बीडच्या सचिन धसने २०२४च्या १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ९६ धावा करून हातून गेलेला सामना ओढून आणला. ज्या जिल्ह्याची ओळख ऊसतोडीचा जिल्हा अशी करून दिली जाते, त्याची दुसरी ओळख या मुलांनी करून दिली.

आज शालेय स्पर्धांना जाणाऱ्या मुलांच्या हातात मात्र मोबाइल आहे आणि मोबाइलमध्ये ‘आयडी’. सट्ट्यासाठी आता बुकीकडे जावे लागत नाही, व्हॉट्सॲपवर आयडी मिळतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली, हे चांगलेच झाले. परदेशातून चालणाऱ्या संकेतस्थळांना मात्र त्या बंदीची फिकीर नाही. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेच्या सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्यावर झाला. आपण खेळत नव्हतो, असे त्यांनी सांगितले. पण त्या वादानंतर लगेच त्यांच्याकडे क्रीडा खाते देण्यात आले. सरकारने त्या क्षणी राज्यातल्या खेळाडू मुलांचा विचार केला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सट्टेवाल्याला लहान सामना आवडतो. तिथे खेळाडूला पगार नसतो, कॅमेरे थोडे असतात आणि थोडक्या पैशात काम होते. गावजत्रेच्या फडात हे चालत नाही, कारण तिथे बघणारा जाणकार असतो. दोन मल्ल नुसतेच खडाखडी करत राहिले, एकही पट धरेना, की कडेला बसलेले म्हातारे ओरडतात, “नुरा हाय ही, काढा बाहेर!” हलगी थांबते, पंच दोघांना फडातून उठवतात आणि इनाम तसेच राहते. त्या म्हाताऱ्यांना दोन्ही तालमी माहीत असतात, दोन्ही वस्ताद माहीत असतात. शे-दोनशे मैलांवर बसून आयडीवर पैसे लावणाऱ्याला मात्र तो मुलगा म्हणजे नुसता एक आकडा असतो.

सट्टेवाल्याचा प्रस्ताव आला, तर मुलगा कुणाला सांगणार, हा खरा प्रश्न आहे. २०१९च्या मुंबई टी-२० लीगमध्ये धवल कुलकर्णी आणि भाविन ठक्कर यांच्यापर्यंत असा प्रस्ताव पोहोचला, तेव्हा त्यांनी तो दडवला नाही. त्यातूनच २०२५ मध्ये एका संघाच्या माजी सहमालकावर बंदी आली. त्यांना सांगायला एक जागा होती. नेकनूरच्या किंवा केजच्या मुलाला ती नाही. त्याच्यापुढे फक्त सर आहेत, आणि सरच उधारीत बुडालेले किंवा आयडीत अडकलेले असतील, तर सगळे दरवाजे बंद. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांचे प्रकरण मराठवाड्याने पाहिले आहे. नोकरीतल्या पाच टक्के आरक्षणासाठी खोटे कागद तयार झाले, तेव्हाही घाम गाळणाऱ्या मुलाच्या बाजूने बोलायला कुणी नव्हते.

म्हणून जिल्हा क्रीडा कार्यालय आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा क्रीडा विभाग यांच्याकडे आमची मागणी आहे. येत्या मोसमातल्या प्रत्येक प्रवेश अर्जावर असा एक दूरध्वनी क्रमांक छापावा, ज्यावर मुलगा आपल्या प्रशिक्षकाला वगळून बोलू शकेल आणि ज्याच्या पलीकडे पोलिसांतला किंवा विद्यापीठातला जबाबदार माणूस असेल. खेळाडूच्या दुखापतीची माहिती संघाबाहेर देणे हा प्रशिक्षकाच्या नेमणुकीत बडतर्फीचा गुन्हा म्हणून लिहावा. आणि मुलांना बीडला नेणाऱ्या सरांचा प्रवासखर्च स्पर्धा सुरू होण्याआधी त्यांच्या खात्यावर जमा करावा.