दौंडला सूर्य, शिरूरला छोटा हत्ती

नातवाच्या पुस्तकातलं एक चित्र या आठवड्यात माझ्या डोक्यात गेलं. सूर्य आणि पृथ्वी शेजारी शेजारी, पंगतीला बसल्यासारखे. सूर्य म्हणजे ताट, पृथ्वी म्हणजे वाटी.

"आबा, सूर्य एवढाच असतो?"

"छे! खूप मोठा."

"खूप म्हणजे किती?"

आली का पंचाईत! जुन्या वाचकांना ठाऊकच आहे, माझे सगळे हिशेब लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर होतात. लग्नसराई नुकतीच सरलेली, तेव्हा कागदाला तोटा नव्हता.

सूर्याचा व्यास सुमारे १३ लाख ९२ हजार किलोमीटर. ओळीने १०९ पृथ्व्या मांडल्या की तो आरपार होतो. आत भरायच्या तर १३ लाख लागतील. आपल्यापासून तो १५ कोटी किलोमीटरवर. एवढं ऐकून पोराने जांभई दिली, आणि त्याचं काही चुकलं नाही. मग मी ते १५ कोटी आवळून शिरूर ते दौंड एवढे केले. सरळ रेषेत साधारण ४५ किलोमीटर. सूर्य उरला ४२० मीटरचा. दौंड जंक्शनात एकोणीस-वीस डब्यांची गाडी लागते ना, तेवढा रुंद आणि तेवढाच उंच गोळा. आणि पृथ्वी? चार मीटरला थोडी कमीच. म्हणजे शिरूरच्या बाजारात कांदा घेऊन आलेला छोटा हत्ती!

पोरगं खूश झालं. पण आतून आमच्या मंडळींचा आवाज आला, "अहो, सूर्य दौंडला ठेवलात ना? बरं केलंत."

त्यांचं माहेर दौंड. सूर्य शिरूरला ठेवायचं मला आधी सुचलं नाही, आता बोलून उपयोग नव्हता. वर ऐकून घ्यावं लागलं, "म्हणजे शिरूरने दौंडभोवती फिरायचं." चाळीस वर्षं दुसरं काय करतोय मी?

त्यातून ते फिरणंही सरळ रेषेत नाही. मध्ये भीमा आडवी. पहिल्या दिवाळसणाला न्हावऱ्याला चहा घेताना एकाला विचारलं, "दौंड किती राहिलं?" म्हणाला, "हे काय, आलंच." अर्ध्या तासाने दुसऱ्याला विचारलं. "हे काय, आलंच." तेव्हापासून माझं ठाम मत आहे, की आपल्याकडे किलोमीटर सरकारी पाटीवर असतात आणि लोकांच्या तोंडी 'आलंच' हे माप असतं. ते रबराचं असतं. दोन मैलांनाही पुरतं, विसांनाही. पत्ता विचारणाऱ्याला खरं अंतर सांगणं आपल्याकडे अशुभ मानतात की काय, कोण जाणे. 'आलंच' शोभतं ते एकट्या सूर्याच्या उजेडाला. पंधरा कोटी किलोमीटर तो साधारण आठ मिनिटं वीस सेकंदांत येतो, आणि कुठेही चहाला थांबत नाही.

असो. येत्या रविवारी दौंडला जेवायचं आवतण आहे. वारही बघा कसा नेमका साधलाय! अकराच्या सुमाराला मेहुण्याचा फोन येईल, "दाजी, कुठवर आलात?"

मी पायात चपला शोधत असेन. सांगेन, "हे काय, आलोच."