पंचवीस वेळा मोजून, आणि म्हणे राग अनावर झाला!

परवा पारावर विषय निघाला, पुढाऱ्यानं हात उचलला तर काय होतं? एकजण म्हणाला, "काय होत नाय, दादा. समोरचा आधी उर्मट बोलला म्हणायचं, झालं."

मला रवींद्र गायकवाड आठवले. उस्मानाबादचे तेव्हाचे शिवसेना खासदार. २३ मार्च २०१७, आपल्याच पुण्याहून दिल्लीला गेलेलं एअर इंडियाचं विमान. तिकीट बिझनेस क्लासचं, विमानात तो वर्गच नाही. दिल्लीला उतरायला नकार दिला, आणि समजवायला आलेल्या साठीच्या अधिकाऱ्याला चप्पल. वर टीव्हीवर सांगितलं, पंचवीस वेळा मारली!

मग बचाव काय? तर अधिकारी आधी उद्धट वागला.

दिल्ली पोलिसांनी ३०८ आणि ३५५ ही कलमं लावली. तेव्हाच्या कायद्यात ३५५ म्हणजे अपमान करायच्या हेतूनं हल्ला. त्यात एक सूट होती बघा. समोरच्यानं "गंभीर आणि अचानक" चिथावणी दिली असेल तर हे कलम लागत नसे. म्हणजे उर्मटपणाची गोष्ट उगाच नव्हती, वाट तिथूनच निघत होती. पण अहो, अचानक राग आलेला माणूस फटके मोजतो का? मोजून वर कॅमेऱ्यापुढं आकडा सांगतो का? आणि हे गृहस्थ राजकारणाआधी शिक्षक होते म्हणे!

विमान कंपन्यांनी बंदी घातली, तर पक्षाचे मंत्री संसदेत भांडले, उमरग्यात बंद पुकारला. ६ एप्रिलला गायकवाडांनी लोकसभेची माफी मागितली. ज्याला चप्पल बसली त्याची मागणार नाही, हेही तिथंच सांगितलं. मंत्र्यांना खेदाचं पत्र गेलं आणि दुसऱ्या दिवशी बंदी उठली. पंधरा दिवसांत विषय संपला. २०१९ ला पक्षानं तिकीट कापलं, ती शिक्षा म्हणायची तर म्हणा.

त्याच सप्टेंबरात सरकारनं प्रवाशांसाठी नियम काढले. विमानात नुसती शिवीगाळ केली तर तीन महिन्यांपर्यंत बंदी, अंगावर हात टाकला तर सहा महिन्यांपर्यंत. हे तुमच्या-माझ्यासाठी.

आता आपल्या कळसचा शेतकरी घ्या. डीपी जळालाय, ऊस वाळतोय, आठ दिवस हेलपाटे घालून तो वीज कार्यालयात नुसता आवाज चढवतो. भिंतीवर बोर्ड असतोच, सरकारी कामात अडथळा आणल्यास गुन्हा. त्यानं "साहेब आधी उर्मट बोलले" म्हटलं, तर त्याच्यासाठी कोण मंत्री भांडणार? कुठलं गाव बंद ठेवणार?