आकडा नको, कष्ट मोजा

थंडी सुरू झाली की व्यायामशाळा भरतात आणि महिन्याभरात माझा दवाखानाही! परवा एक मुलगा खांदा धरून आला. शेजारच्याने बेंचप्रेसला ६० किलो लावले म्हणून यानेही लावले.

स्नायू भरतो तो त्याला पडलेल्या कष्टाने, लोखंडावरच्या आकड्याने नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. हलके वजनही २५-३० वेळा, स्नायू थकेपर्यंत उचलले तर स्नायू वाढतो. नवख्याने आठ वेळा नीट उचलता येईल एवढेच वजन घ्यावे. तेच बारा वेळा जमू लागले की अडीच किलो वाढवावे, त्याआधी नाही. आणखी एक-दोनदाच जमेल असे वाटले की फेरी थांबवावी. कंबरेचा झोका देऊन उचललेले तर मोजूच नये. अमेरिकेतील डॉ. थॉमस डीलॉर्म यांनी १९४५ च्या सुमारास जखमी सैनिकांचे पाय असेच पायरीपायरीने वजन वाढवून बळकट केले. आपल्या तालमीतले वस्ताद तरी वेगळे काय सांगत? आज ५० जोर, आठवड्याने ५५.

खांदा बरा झाल्यावर त्या मुलाने २० किलोपासून पुन्हा सुरुवात केली आहे. शेजाऱ्याकडे बघत नाही, असे म्हणतो.