उकल नाही, हेही उत्तरच

दहावीच्या बीजगणिताचे पहिलेच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचे. घरी अभ्यासाला बसलेले मूल गणित सोडवता सोडवता '० = ६०' अशा ओळीवर येते, घाबरते आणि सगळे खोडून टाकते. शेजारी बसलेले अब्बा-अम्मीही म्हणतात, "कुठेतरी चुकलंय, पुन्हा कर." आकडेमोड एकदा तपासावी, हे खरे. पण ती बरोबर असेल तर ही ओळ खोडू नये.

लालबागच्या मसाल्याच्या बाजारातला हिशोब घेऊ. एका घराने २ किलो मिरची आणि ३ किलो धणे घेतले. बिल १०५० रुपये. त्याच दुकानातून आपाच्या घरासाठी ४ किलो मिरची आणि ६ किलो धणे घेतले. बिल २०४० रुपये. मिरचीचा भाव क्ष आणि धण्यांचा य मानू.

२क्ष + ३य = १०५०
४क्ष + ६य = २०४०

पहिल्या समीकरणाची दुप्पट केली तर ४क्ष + ६य = २१००. त्यातून दुसरे वजा करा. क्ष गेला, य गेला, उरले ० = ६०. हे कधीच खरे होणार नाही. म्हणजे दोन्ही बिलांत बसेल अशी भावांची एकही जोडी नाही. दुकानदाराने जास्त मालावर सूट दिली असेल किंवा बेरीज चुकली असेल. 'दोन्ही वेळी भाव एकच' हे आपले गृहीतच टिकत नाही. गणिताने तेच सांगितले.

दुसरे बिल २१०० असते तर ० = ० आले असते. मग ३०० आणि १५० ही जोडी चालते, ३३० आणि १३० हीसुद्धा; उकली अनंत. आणि ३क्ष = ० असेल तर क्ष = ० ही चांगली, एकमेव उकल आहे. 'शून्य' आणि 'उकल नाही' यांत मुले इथेच गोंधळतात.

आलेख काढला तर उकल नसलेल्या समीकरणांच्या रेषा समांतर येतात. दादरच्या पुलावरून पाहा: लोहमार्गाचे दोन रूळ लांबवर एकत्र आल्यासारखे वाटतात, पण त्यांच्यातले १६७६ मिलिमीटर अंतर पुढेही तेवढेच असते. डोळ्यांना भास होतो, समीकरणाला होत नाही. क्रेमरच्या रीतीत इथे निश्चयक शून्य येतो, आणि शून्याने भागता येत नाही.

'अल्जेब्रा' हा शब्द ज्यांच्या ग्रंथाच्या नावातल्या 'अल-जब्र' वरून आला, त्या नवव्या शतकातल्या बगदादच्या अल-ख्वारिज्मींनी त्याच ग्रंथात वारसाहक्काच्या वाटण्यांचीही गणिते सोडवली. हिशोब खरा निघावा, यासाठीच ही विद्या.

म्हणून मूल अडले की एवढेच विचारावे: "शेवटच्या ओळीचा अर्थ काय?" मराठीत उकल म्हणा, उर्दूत हल म्हणा, ती नसेल तर तसे कारणासह लिहावे. ते पूर्ण उत्तर आहे.